मोह वेचणारे ‘कलेक्टर’ : पेपर वाचताना इंग्रजी नेमकं कुठे अडतं?

मार्चचा शेवटचा आठवडा होता. दरेकसा स्टेशनच्या बाकावर मी गोंदियाकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत बसले होते. सालेकसा तालुक्यातलं हे छोटं स्टेशन, पुढचं बोरतलाव आलं की छत्तीसगड सुरू. माझ्या कॉलेजची एक ज्युनिअर शेजारी येऊन बसली. एमए अर्थशास्त्र झालेलं, पीएचडीची प्रवेश परीक्षा पास झालेली, विषयही छान : गौण वनोपज आणि घरखर्च. आणि पहिलंच वाक्य काय? “ताई, मी सोडून द्यावं म्हणते. एक पान वाचाले दोन दिवस लागते.”

तिच्या हातात मोहफुलांवरच्या एका इंग्रजी पेपरची प्रिंट होती. पानभर पेन्सिलीनं शब्दांच्या डोक्यावर मराठी अर्थ लिहिलेले. मी म्हटलं, या परिच्छेदात काय आहे ते मला तुझ्या शब्दांत सांग. ती जरा चाचरतच म्हणाली, “जिल्हाधिकारी सूर्योदयाआधी घरून निघतात, टोपल्या घेऊन जंगलात जातात, झाडाखाली पडलेली फुलं वेचतात... काही सरकारी योजना असेल.”

पेपरमध्ये शब्द होता ‘कलेक्टर्स’. म्हणजे गोळा करणारे, वेचणारे. तिनं डोक्यावर लिहिलं होतं ‘जिल्हाधिकारी’.

आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग ती गप्प झाली. कारण लहानपणापासून मोहाच्या दिवसांत ती आईबरोबर पहाटे टोपली घेऊन जात आली आहे. तो परिच्छेद तिच्याच घराबद्दल होता, आणि तिला तो ओळखू आला नव्हता.

संशोधनाची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, की इंग्रजीचं काय करू, कोणतं शब्दांचं पुस्तक पाठ करू, ग्रामर पहिल्यापासून करू का. त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. त्या पानावर मला जे दिसलं ते तुमच्याही पानावर असण्याची शक्यता बरीच आहे.

दिसलं ते असं. तिनं अवघड शब्द बरोबर शोधले होते. ‘सब्सिस्टन्स’ म्हणजे उदरनिर्वाह, बरोबर. ‘हाउसहोल्ड’ म्हणजे कुटुंब, बरोबर. चुकले होते ते सोपे शब्द, जे तिनं शब्दकोशात बघितलेच नव्हते, कारण ‘ते तर येतात’. ‘मायनर फॉरेस्ट प्रोड्यूस’ हा वनहक्क कायद्यातला शब्द घ्या. मायनर म्हटलं की आपल्याला अल्पवयीन आठवतो, आणि प्रोड्यूस म्हटलं की निर्माण करणं. तिथे मात्र मायनर म्हणजे गौण, आणि प्रोड्यूस हे क्रियापद नाहीच, ते नाम आहे : उपज. बोलतानाही फरक होतो. नाम असेल तर जोर ‘प्रो’वर, क्रियापद असेल तर ‘ड्यूस’वर. ‘गौण वनोपज’ हा शब्द तिच्या स्वतःच्या विषयाच्या शीर्षकात होता, तरी दोन्ही जोडले गेले नव्हते.

कलेक्टर या शब्दाचं तर मला नंतर फारच कौतुक वाटलं. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यात हे पद नेमलं गेलं ते महसूल गोळा करण्यासाठी. तोही गोळा करणाराच. आपल्या भाषेत फक्त साहेब उरला, गोळा करणं गळून पडलं.

आता थोडं संशोधन बघू. एखादा मजकूर समजायला त्यातले किती शब्द माहीत असावे लागतात? २००० साली हू आणि पॉल नेशन यांनी एक प्रयोग केला. एकाच गोष्टीतले काही शब्द बदलून त्यांनी निरर्थक शब्द घातले : एका गटाला वीस टक्के शब्द अनोळखी, एकाला दहा, एकाला पाच, एकाला एकही नाही. ऐंशी टक्के शब्द ओळखीचे असलेल्या गटात कोणालाच गोष्ट पुरेशी समजली नाही. त्यांचा निष्कर्ष असा, की मदतीशिवाय आरामात वाचायचं तर सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत. म्हणजे पन्नास शब्दांत एकच अनोळखी. नेशननं २००६ मध्ये हिशेब मांडला, की लिखित इंग्रजीसाठी ही पातळी गाठायला आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात. शब्दकुटुंब म्हणजे ‘ॲनलाइज, ॲनॅलिसिस, ॲनॅलिटिकल’ हे सगळे मिळून एक.

आठ-नऊ हजार ऐकून पुस्तक मिटू नका. हा आकडा कादंबरी, वर्तमानपत्र असं कोणतंही लिखाण वाचण्यासाठीचा आहे. तुम्हाला सगळं वाचायचं नाहीये. तुम्हाला एका विषयातले पेपर वाचायचे आहेत, आणि तिथे तेच ते शब्द परत परत येतात.

न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी हेच मोजलं. वेगवेगळ्या विषयांतलं सुमारे ३५ लाख शब्दांचं शैक्षणिक लिखाण घेतलं. त्यातून मायकेल वेस्ट यांच्या १९५३ च्या यादीतले दोन हजार सर्वसाधारण शब्द बाजूला काढले, आणि उरलेल्यांपैकी सगळ्या विद्याशाखांत वारंवार येणारे शब्द निवडले. ही २००० साली आलेली ‘ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट’. तिच्यात फक्त ५७० शब्दकुटुंबं आहेत, पण शैक्षणिक मजकुरातले जवळपास दहा टक्के शब्द तीच व्यापतात. वेस्टचे दोन हजार साधारण ७६ टक्के व्यापतात. उरतात ते तुमच्या विषयाचे शब्द, विशेषनामं आणि बाकी किरकोळ. विषयाचे शब्द तसेही तुम्हाला शिकायचेच आहेत, मराठीत शिकलात तरी.

ही यादी दहा भागांत आहे, पहिल्या भागात साठ शब्द. ते साठ मी एकदा वहीत उतरवले आणि आमच्या भागात रोज कानावर येणाऱ्या शब्दांवर खूण केली. एरिया, इन्कम, पॉलिसी, सेक्शन, लेबर, कॉन्ट्रॅक्ट, इश्यू, रोल, पिरियड, प्रोसेस, फायनान्स, लीगल, पर्सेंट, फॉर्म्युला, डेटा... वीसेक शब्द निघाले. मोबाइलमध्ये डेटा टाकणारं, तहसीलमध्ये इन्कमचा दाखला काढणारं, तेंदूपत्त्याचा कॉन्ट्रॅक्ट कोणाला गेला म्हणून विचारणारं कोणीही या यादीचा तिसरा हिस्सा तोंडात घेऊन फिरतंय. आपल्याला इंग्रजी येत नाही असं जे आपण सरसकट म्हणतो ना, ते खरं नाही. शब्द आहेत. त्यांचे अर्थ इथे राहून जरा वाकले आहेत.

आपल्याकडे लेबर म्हणजे कामावरचा माणूस : ‘चार लेबर लागतील’. पेपरमध्ये लेबर म्हणजे श्रम, एकूण मनुष्यबळ. रेल्वेत सेक्शन म्हणजे रुळाचा टप्पा, पेपरमध्ये लेखाचा भाग. ‘इश्यू करू नको’ म्हणजे भांडण नको, पेपरमध्ये इश्यू म्हणजे मुद्दा, किंवा नियतकालिकाचा अंक. पॉलिसी म्हटलं की आधी विम्याचा एजंट डोळ्यांसमोर येतो, तिथे धोरण आहे. ‘ॲड्रेस’ हा शब्द क्रियापद म्हणून आला की त्याचा पत्त्याशी संबंध नसतो, प्रश्न हाती घेणं असा त्याचा अर्थ. स्टेशनबाहेरच्या ज्या ‘हॉटेला’त आपण चहा-समोसा खातो तिथे कोणी मुक्काम करत नाही, तसंच हे.

सगळ्यात महाग पडणारा शब्द ‘सिग्निफिकंट’. सगळे ‘महत्त्वाचा’ लिहितात. आकडेवारीच्या पेपरमध्ये ‘सिग्निफिकंट डिफरन्स’ म्हणजे, मुळात फरक नसता तर केवळ योगायोगानं एवढा फरक दिसण्याची शक्यता फारच कमी. तो फरक आकारानं अगदी छोटा, व्यवहारात बिनमहत्त्वाचाही असू शकतो. ‘महत्त्वाचा’ लिहिलंत की निष्कर्षच बदलला. ‘लिटरेचर रिव्ह्यू’चंही असंच. मराठी साहित्यातून आलेले विद्यार्थी त्याला पुस्तक-परीक्षण समजतात. तो आपल्या प्रश्नावर आधी झालेल्या कामाचा आढावा असतो.

आणि छोटे शब्द. ‘सिन्स’ म्हणजे पासून, हे शाळेत पाठ झालेलं. पेपरमध्ये तो बऱ्याचदा ‘कारण’ या अर्थानं येतो. ‘व्हाइल’ म्हणजे असताना, पण तिथे अनेकदा ‘हे असं, तर ते मात्र तसं’ अशी तुलना असते. हे दोन चुकले तर युक्तिवादाची दिशाच हरवते, आणि शब्दकोश उघडावा असं मनातही येत नाही.

म्हणून वहीचं एक पान दुभागा. डावीकडे ‘आपल्याकडे काय म्हणतो’, उजवीकडे ‘या पेपरात काय आहे’. अनोळखी शब्दांच्या यादीपेक्षा या ओळखीच्या शब्दांच्या यादीचा जास्त उपयोग होतो, हे मी माझ्या अनुभवावरून सांगते.

आता पेन्सिलीचं. शब्दाच्या डोक्यावर मराठी अर्थ लिहायची सवय आपल्यापैकी बहुतेकांना आहे, मलाही होती. तोटा असा, की दुसऱ्यांदा वाचताना डोळा सरळ मराठीवर जातो, मेंदूला आठवायची वेळच येत नाही. जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर यांचा २००८ चा ‘सायन्स’मधला प्रयोग इथे फार बोलका आहे. विद्यार्थ्यांना स्वाहिली-इंग्रजी शब्दांच्या चाळीस जोड्या शिकवल्या. एकदा आठवलेला शब्द काहींना पुन्हा पुन्हा वाचायला दिला, काहींना पुन्हा पुन्हा आठवायला लावला. आठवड्यानंतर परीक्षा घेतली. आठवायला लावलेल्यांना सुमारे ८० टक्के आठवले, ज्यांच्याकडून आठवून घेणं बंद केलं त्यांना जेमतेम एक तृतीयांश. नुसतं पुन्हा वाचण्यानं जवळजवळ काहीच भर पडली नाही. गंमत पुढे आहे : आपल्याला किती आठवतील याचा अंदाज सगळ्या गटांचा सारखाच होता. म्हणजे वाचून वाचून ‘झालं पाठ’ वाटतं, ते आतून ओळखता येत नाही.

तेव्हा अर्थ पानाच्या मागच्या बाजूला लिहा, आकडा टाकून. पुन्हा वाचताना आधी आठवायचं, मगच पान उलटायचं. त्रास होतो. होऊ द्या.

व्याकरणाकडे येते. इथे मला आधी एक भीती काढायची आहे. एका सेमिनारमध्ये मी “आय ॲम वर्किंग ऑन धिस टॉपिक सिन्स टू इयर्स” म्हणाले होते आणि मागून कोणीतरी हसलं होतं. पुढचे सहा महिने मी कुठेही प्रश्न विचारला नाही. नंतर एस. पी. कॉर्डर यांचा १९६७ चा लेख वाचला, आणि सहा महिने वाया गेले याचं वाईट वाटलं. कॉर्डर म्हणतात, की शिकणाऱ्याची ठरावीक पद्धतीनं होणारी चूक हा पुरावा आहे : त्याच्या डोक्यात काही एक नियम तयार झालाय. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये त्याला ‘इंटरलँग्वेज’ म्हटलं, दोन भाषांच्या मधली शिकणाऱ्याची स्वतःची भाषा.

माझ्या चुकीमागचा नियम सरळ आहे. मराठीत आपण म्हणतो, ‘मी दोन वर्षांपासून काम करतेय.’ काम अजून चालू आहे, म्हणून वर्तमानकाळ. इंग्रजीला तेवढ्यानं भागत नाही. मागे सुरू होऊन आजपर्यंत आलेल्या कामासाठी ती ‘आय हॅव बीन वर्किंग’ मागते. शिवाय आपला ‘पासून’ दोन कामं करतो. इंग्रजीत किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर टू इयर्स’, कधीपासून ते सांगायचं तर ‘सिन्स २०२३’. हे एकदा मराठीच्या बाजूनं बघितलं की पाठ करावं लागत नाही.

‘अ’ आणि ‘द’ हे आपलं जुनं दुखणं. मराठीत असे शब्द नाहीत, पण त्यांचं काम मराठीत होत नाही असं नाही. ‘काल एक बिबट्या दिसला. बिबट्या नाल्याकडे गेला.’ पहिल्यांदा ‘एक’, दुसऱ्यांदा काहीच नाही. इंग्रजीत पहिल्या जागी ‘अ’, आणि आपण जिथे मोकळं सोडलं तिथे ‘द’. किंवा ‘मी गाय शोधतोय’ आणि ‘मी गायीला शोधतोय’ हे दोन म्हणून बघा. पहिल्यात बहुधा विकत घ्यायला कुठलीतरी गाय, दुसऱ्यात आपली हरवलेली. ‘ला’नं ‘द’चं काम केलं. यानं सगळं सुटत नाही, ‘द’ची कटकट मला अजून आहे. पण लिहिताना ‘वाचणाऱ्याला ही कोणती ते आधीच माहीत आहे का?’ असं विचारलं की निम्म्याहून जास्त जागा बरोबर येतात.

दोन ठिकाणी तर मराठी आपल्याला आयतीच मदत करते, आणि ती आपण घेत नाही.

पहिलं ठिकाण निष्कर्षाचं. नवे विद्यार्थी सर्रास ‘धिस प्रूव्ह्ज’ लिहितात. संशोधनात सिद्ध झालं असं इतक्या सहज म्हणत नाहीत. ‘द डेटा सजेस्ट’, ‘मे’, ‘अपिअर टू’ असं तोलून लिहितात. ही काही परकी रीत नाही. सकाळी अंगण ओलं दिसलं तर आपण ‘पाऊस पडला’ म्हणत नाही, ‘रात्री पाऊस पडला असावा’ म्हणतो. तो ‘असावा’ म्हणजेच ‘मे हॅव’. आधी मराठीत ‘असावं’, ‘दिसतं’, ‘शक्यता आहे’ घालून वाक्य करा, मग इंग्रजीत न्या.

दुसरं ठिकाण रोजच्या कामाचं : गाइडला मेल, ग्रंथालयात विनंती, कार्यालयात फोन. ‘आय वॉन्ट युअर टाइम’ हे इंग्रजीत हुकमासारखं लागतं. आपण मराठीत सरांना काय म्हणतो? ‘सर, थोडा वेळ हवा होता’, ‘एक विचारायचं होतं’. आज हवंय, पण आदरासाठी भूतकाळ. इंग्रजीतही तीच युक्ती आहे : ‘आय वॉन्टेड टू आस्क’, ‘आय वॉज वंडरिंग इफ’. सेमिनारमध्ये ‘आय हॅव अ डाउट’ मात्र जपून. आपल्याकडे त्याचा अर्थ ‘मला एक विचारायचंय’, बाहेरच्या वक्त्याला वाटेल तुम्ही त्याच्या कामावर शंका घेताय. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणा, काम होतं.

बोलण्यासाठी नियमांपेक्षा अख्खी वाक्यं लवकर कामी येतात. गोंदिया जंक्शनवरच्या घोषणा आठवा. गाडी कुठून कुठे जाणारी, कोणत्या प्लॅटफॉर्मवर येतेय, हे इंग्रजीत कितीतरी जण हुबेहूब म्हणून दाखवतील, ‘ऑन प्लॅटफॉर्म’मधल्या ‘ऑन’सकट, आणि त्यांना प्रिपोझिशन म्हणजे काय ते विचारलं तर सांगता येणार नाही. अशी दहा-बारा वाक्यं आपल्या कामाची निवडा (‘कुड यू प्लीज रिपीट दॅट’, ‘लेट मी चेक अँड गेट बॅक टू यू’) आणि घोषणेसारखी तोंडात बसवा.

आमच्या भागातल्या अनेक मुलांसाठी तर इंग्रजी ही दुसरी भाषा नाहीच. घरी गोंडी, बाजारात हिंदी-छत्तीसगढी, शाळेत मराठी, मग इंग्रजी. राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे माझी ज्युनिअर बारावीपर्यंत बारा वर्षं इंग्रजी शिकली, आणि तरी कलेक्टरवर अडली. पण सहाव्या वर्षी जिनं एका भाषेतून दुसरीत उडी मारली तिला भाषा बदलताना काय काय बदलतं हे अंगानं माहीत असतं. ते वापरायला कोणी सांगितलेलं नसतं, इतकंच.

त्या दिवशी गाडी येईपर्यंत आम्ही तो एक परिच्छेद पुन्हा वाचला, अर्थ खोडून. वीस मिनिटं लागली.

दोन आठवड्यांनी तिचा फोन आला. तिनं तो परिच्छेद रात्री आईला गोंडीत सांगितला होता. आईनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, फुलं पडायच्या आधी झाडाखालचा पालापाचोळा साफ करायला आपण जातो, ते दिवस त्यांनी धरले का? तिनं पेपर उघडून तक्ता बघितला. वेचण्याचे दिवस होते, वाळवण्याचे होते, साफसफाईचे नव्हते. तिनं गाइडना मेल पाठवायच्या आधी एक वाक्य मला वाचून दाखवलं : ‘द टाइम स्पेंट ऑन क्लीअरिंग द ग्राउंड अंडर ट्रीज मे नॉट हॅव बीन काउंटेड ॲज लेबर.’

मी एवढंच म्हटलं, ‘ट्रीज’च्या आधी एक ‘द’ घाल. कोणती झाडं ते आता वाचणाऱ्याला माहीत आहे.